मॅन्युअल म्हणतं १०डब्ल्यू-३०, मेकॅनिक म्हणतो २०डब्ल्यू-५०. ऐकायचं कुणाचं?

दुचाकीस्वार
मंडळी, नमस्कार. बरेच दिवस वाचनमात्र होतो, आज पहिल्यांदाच धागा काढतोय, सांभाळून घ्या.

गाडी दीडशे सीसीची, एअर कूल्ड, रोजच्या वापराची. मॅन्युअलमध्ये स्पष्ट छापलंय: १०डब्ल्यू-३०, एपीआय एसएल किंवा वरचं, जासो एमए. वॉरंटी संपल्यावर बाहेरच्या मेकॅनिककडे जायला लागलो, तर तो म्हणतो, "हे पातळ ऑइल कंपनीवाले मायलेजचे आकडे दाखवायला सांगतात. उन्हात इंजिन टिकवायचं असेल तर २०डब्ल्यू-५० टाका." मित्राचं तिसरंच. त्याच्या कारचं फुल सिंथेटिक उरलंय, ते घेऊन जा म्हणतो. कारला चालतं ते बाइकला न चालायला काय झालं? आणि डबे हातात घेऊन वाचायला गेलं की ४टी, सेमी सिंथेटिक, एमए२, एसएन, एसपी... डोकं पार भंजाळलं.

कोणत्या कंपनीचं घेऊ हे विचारत नाहीये, ते भांडण वेगळं. डब्यावर काय बघायचं आणि कशाकडे काणाडोळा करायचा, एवढं कुणी समजावून सांगेल का?

बिनधास्त
रुमाल टाकून ठेवतो. ऑइलचा धागा म्हणजे शंभरी नक्की.

मोजपट्टी
आधी आकडे फोडू, म्हणजे निम्मा गोंधळ जाईल.

डब्ल्यू म्हणजे विंटर. पहिला आकडा थंडीतला, दुसरा तापलेल्या इंजिनातला. पण ही थंडी म्हणजे स्वेटर काढायची थंडी नव्हे. तेलाचे हे ग्रेड ठरवणाऱ्या एसएई संस्थेच्या जे३०० मानकात १०डब्ल्यूची स्टार्टिंगची चाचणी उणे २५ अंशांना होते आणि २०डब्ल्यूची उणे १५ ला. पारा शून्याखाली जातच नसेल तर २०डब्ल्यूमुळे गाडी सकाळी सुरूच होणार नाही, असं काही नाही.

रोजच्या कामाचा तो दुसरा आकडा. १०० अंशांना मोजलेली व्हिस्कॉसिटी, म्हणजे दाटपणा, ३० नंबरच्या तेलाची ९.३ ते १२.५ सेंटिस्टोक असते, ४० ची १२.५ ते १६.३ आणि ५० ची १६.३ ते २१.९. म्हणजे ३० वरून थेट ५० वर उडी मारलीत तर गरम इंजिनातलं तेल साधारण पावणेदोन पट दाट होतं. "एक नंबर जाड टाकलं" इतकं ते किरकोळ नाही.

मेकॅनिकचं म्हणणं अगदीच टाकाऊ आहे असं मी म्हणणार नाही. एअर कूल्ड इंजिनात बाहेरची हवा तापली, गाडी सिग्नलला उभी राहिली, की तेलाचं तापमान चढतंच. पण "पातळ तेल गरम होऊन फाटतं" ही जी भीती आहे, तिच्यासाठी वेगळी चाचणी आहे. १५० अंशांना, जोरदार रगडा देऊन व्हिस्कॉसिटी मोजतात. तिला एचटीएचएस म्हणतात. ३० नंबरला तिथे किमान २.९ लागतं (ह्याचं एकक वेगळं), २०डब्ल्यू-५० ला ३.७. इंजिन आखणाऱ्यानं बेअरिंगमधली फट आणि ऑइल पंप २.९ धरूनच बेतलं असेल, तर ३.७ टाकून इंजिनाचं आयुष्य आपोआप वाढत नाही. उलट तेल घुसळण्यात जास्त ताकद जाते, ती ताकद उष्णता होऊन बाहेर पडते, आणि सकाळी पहिल्या काही सेकंदांत कॅमपर्यंत तेल पोचायला वेळ लागतो. बरीचशी झीज तेव्हाच होते.

आता मुद्द्याचं. मॅन्युअलमधलं ते पान पूर्ण वाचा. बऱ्याच गाड्यांच्या मॅन्युअलमध्ये आडव्या पट्ट्यांचा तक्ता असतो: बाहेरचं तापमान अमुक ते तमुक असेल तर हा ग्रेड, त्याहून जास्त असेल तर तो. तिथे १०डब्ल्यू-४० किंवा २०डब्ल्यू-५० ची पट्टी दिली असेल तर खुशाल वापरा. नसेल तर माझं मत छापलेल्याच्या बाजूने.

जुनं_इंजिन
सेंटिस्टोक वाचून गरगरलं. आम्ही आयुष्यभर २०डब्ल्यू-५० टाकत आलो. टॅपेट गप्प, गियर लोण्यासारखे, इंजिन एकदाही उघडलेलं नाही. पातळ ऑइल टाकलं की तासाभरात इंजिनाचा आवाज पिठाच्या गिरणीसारखा येतो, कानाला कळतं हो. कागदावरचे आकडे कागदावर राहू द्या.

मोजपट्टी
@जुनं_इंजिन, काका, तुमच्या गाडीच्या मॅन्युअलमध्ये काय लिहिलंय?

जुनं_इंजिन
२०डब्ल्यू-५०च आहे की.

मोजपट्टी
मग भांडण कसलं? तुम्ही मॅन्युअलचंच ऐकताय, मीही तेच सांगतोय. :)

आवाजाचं मात्र वेगळं. दाट तेल फटीत गादीसारखं बसतं, ठोका मऊ ऐकू येतो. म्हणून फट भरून निघाली असं होत नाही. टॅपेट वाजत असतील तर फीलर गेज घालून व्हॉल्व्ह क्लिअरन्स बघायचा, चेन वाजत असेल तर टेन्शनर. ऑइल जाड करणं म्हणजे आजार म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला.

काळे_हात
गॅरेज माझं आहे म्हणून लिहितो. @दुचाकीस्वार, तुमच्या मेकॅनिकची बाजू पण ऐका. आमच्याकडे दहा प्रकारच्या गाड्या येतात, प्रत्येकीचं वेगळं ऑइल ठेवायचं म्हटलं तर कपाट पुरत नाही. मग एकच मोठा ड्रम, २०डब्ल्यू-५० चा, सगळ्यांना तोच. त्यात गिऱ्हाईक आवाजावर गाडी तपासतं. जाड ऑइलने आवाज बसला की खूश. हे सगळं "उन्हासाठी" म्हणून सांगितलं जातं. मी सगळ्यांचं बोलत नाही, पण असं चालतं.

जाड ऑइल चुकीच्या गाडीत पडलं की पहिली तक्रार इंजिनाची नाही, क्लचची येते. सकाळी थंड गाडीला पहिला गियर टाकला की "खट्ट" करून उडी, आणि सिग्नलला न्यूट्रल सापडत नाही. प्लेटा दाट तेलात एकमेकींना चिकटून राहतात, क्लच दाबला तरी पूर्ण सुटत नाहीत. दोनेक किलोमीटरने गरम झाली की बरी होते, म्हणून माणूस दुर्लक्ष करतो.

आता कारच्या ऑइलचं. कृपा करून नको. मागे एक गाडी आली. तक्रार काय, तर पिकअप गेला, चढाला गाडी मरते. चालवून बघितली. चौथ्या गियरमध्ये थ्रॉटल पिळला तर इंजिन ओरडत वर जातं, आरपीएम चढतात, आणि स्पीडचा काटा जागच्या जागी. मालकाने कुणाच्या तरी सांगण्यावरून कारचं ऑइल घातलं होतं, भारीतलं, फुल सिंथेटिक. क्लच कव्हर उघडलं, प्रेशर प्लेटचे स्प्रिंगचे बोल्ट काढले. फ्रिक्शन प्लेटांवर मटेरियल शिल्लक होतं, पण चौकोनी ठोकळ्यांवर चकाकी आलेली, नख फिरवलं तर काचेवरून फिरल्यासारखं. मधल्या लोखंडी प्लेटा निळ्या-जांभळ्या, दोन तर वाकलेल्या. सपाट काचेवर ठेवल्या की डुगडुगत होत्या. नुसतं ऑइल बदलून भागलं नाही, पूर्ण सेट बदलावा लागला. लवकर आला असता तर योग्य ऑइल टाकून, प्लेटा धुऊन गाडी सुधारली असती, तसं होतं पुष्कळदा. त्याने स्लिप मारत असतानाच महिनाभर दामटली.

दुचाकीस्वार
बाप रे. मित्राचं ऑइल रद्द. पण कार आणि बाइकच्या ऑइलमध्ये नेमका फरक काय? दोघंही "सिंथेटिक", दोघंही एसएन.

टॉर्कमीटर
फरक तेलात कमी आणि गाडीच्या रचनेत जास्त आहे. कारमध्ये इंजिन ऑइल फक्त इंजिनाला. गियरबॉक्सचं तेल वेगळं, आणि मॅन्युअल गियरच्या कारचा क्लच कोरडा. आपल्या नेहमीच्या बाइकमध्ये इंजिन, गियर आणि क्लच तिघंही एकाच तेलात बुडालेले. म्हणजे एकाच तेलाने पिस्टन-कॅमला घर्षण कमी करून द्यायचं आणि क्लचच्या प्लेटांना घर्षण शिल्लक ठेवायचं. दोन्ही मागण्या एकमेकींच्या उलट.

कारचं तेल बनवणाऱ्याला दुसरी मागणी नसतेच. इंधन वाचावं म्हणून तो त्यात घर्षण कमी करणारी रसायनं घालतो, मॉलिब्डेनमची संयुगं वगैरे. कारच्या डब्यावर एपीआयचं, म्हणजे अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूटचं, गोल चिन्ह असतं. वरच्या अर्धवर्तुळात एसएन किंवा एसपी, मध्ये ग्रेड, आणि खालच्या अर्धवर्तुळात "रिसोर्स कन्झर्व्हिंग" असं लिहिलेलं असलं की समजायचं, ओल्या क्लचपासून लांब ठेवायचं तेल. ३० आणि त्याखालच्या ग्रेडमध्ये हे जास्त सापडतं. तुमचा ग्रेड नेमका तोच, त्यामुळे तुम्हाला धोका जास्त.

ह्याच भानगडीतून जासो आलं. जपानी वाहन उद्योगाने १९९८ साली चार-स्ट्रोक दुचाकीच्या तेलासाठी टी९०३ नावाचं मानक काढलं. त्यात तेल प्रत्यक्ष क्लच प्लेटांच्या यंत्रावर चालवून तीन गोष्टी मोजतात: प्लेटा घसरत असताना किती घर्षण, जागेवरून सुटताना किती, आणि फिरती प्लेट थांबायला किती वेळ. तिन्हींत घर्षण पुरेसं निघालं तर एमए, कमी निघालं तर एमबी. २००६ च्या आवृत्तीत एमएचे आणखी दोन भाग केले, एमए१ आणि एमए२. एमए२ म्हणजे पकड जास्त.

आणि फक्त क्लचच नाही. ह्या मानकात फॉस्फरस किमान ०.०८ टक्के हवा अशी अट आहे. फॉस्फरस येतो झेडडीडीपी ह्या झीजरोधक रसायनातून, तो कॅम आणि गियरच्या दातांना वाचवतो. कारच्या पातळ ग्रेडमध्ये उलट कमाल मर्यादा ०.०८ आहे, कारण फॉस्फरस कॅटॅलिटिक कन्व्हर्टरला मारक. जिथे कारचं संपतं तिथे बाइकचं सुरू होतं.

बिनधास्त
मस्त माहिती. वाचनखूण साठवली.

एक शंका. माझ्या डब्यावर "जासो एमए२" असं मोठ्या अक्षरात छापलंय, पण जासोचं चौकोनी नोंदणी-चिन्ह असतं म्हणतात, ते कुठेच दिसत नाही. चालेल?

टॉर्कमीटर
नोंदणी केलेल्या तेलावर छोटी चौकट असते. वर एम ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक, मध्ये मोठ्या अक्षरात एमए किंवा एमए२, खाली हमी देणाऱ्याचा उल्लेख. क्रमांक आहे म्हणजे कंपनीने चाचणीचे निकाल देऊन नोंद केली आहे, आणि नोंदलेल्या तेलांची यादी जाहीर असते, पडताळता येतं. नुसतं "मीट्स जासो एमए२" किंवा "एमएसाठी योग्य" लिहिलेलं तेल वाईटच असेल असं नाही, मोठ्या कंपन्याही कधी कधी तसं लिहितात. पण तिथे आपण फक्त त्यांच्या शब्दावर आहोत. दोन्ही डबे समोर असतील तर मी चौकटवाला उचलतो.

किकस्टार्ट
ह्या चर्चेत स्कूटरवाल्यांना प्रवेश आहे का? माझ्या स्कूटरच्या मॅन्युअलमध्ये एमबी लिहिलंय. वरचं वाचून वाटलं एमबी म्हणजे नापास तेल. नवऱ्याच्या बाइकचं एमए उरलंय, तेच टाकू का?

टॉर्कमीटर
@किकस्टार्ट ताई, एमबी नापास नाही, त्याचं काम वेगळं. गियर नसलेल्या स्कूटरला पट्ट्यावरचं सीव्हीटी (आपोआप बदलणारं गियर) असतं, तिचा क्लच कोरडा आणि वेगळ्या खोलीत. इंजिन ऑइलचा त्याला स्पर्शच नाही. मग घर्षण जितकं कमी तितकं बरं, मायलेज थोडं सुधारतं. म्हणून एमबी.

एमए टाकलंत तर स्कूटरचं नुकसान काही नाही, फक्त तो थोडा फायदा जाईल. ग्रेड मात्र तुमच्या मॅन्युअलचाच हवा. उलटं मात्र कधीच नको: स्कूटरचं एमबी बाइकमध्ये गेलं की वर काळे_हात यांनी लिहिलेली गोष्ट तुमच्या घरी घडेल.

काळे_हात
ताई, अजून एक. स्कूटरच्या मागच्या चाकाजवळ गियर ऑइलचा छोटा बोल्ट असतो. वाटीभर तेल लागतं, पण वर्षानुवर्षं कोणी बदलत नाही. पुढच्या सर्व्हिसला मुद्दाम सांगून बदलून घ्या.

टू_स्ट्रोक_प्रेमी
आमचाही एक निळा धूर सोडून जातो. २टी वाल्यांनी एमए-एमबी विसरा, आपलं जासो वेगळं: एफबी, एफसी, एफडी. एफसीपासून पुढे धूर कमी, एफडीमध्ये इंजिन जास्त स्वच्छ राहतं. तेल पेट्रोलबरोबर जळूनच जातं, म्हणून ४टी तेल पेट्रोलमध्ये घालू नका, त्यातल्या धातूच्या रसायनांची राख प्लगवर बसते. गियरबॉक्सचं तेल अर्थात वेगळं. झालं, चालू द्या तुमचं.

अर्धा_लिटर
मला दोन गोष्टी विचारायच्यात. मॅन्युअलमध्ये एसएल आणि डब्यावर एसएन असेल तर? आणि सिंथेटिकचं काय, जुन्या गाडीत टाकलं की गळती सुरू होते म्हणतात.

मोजपट्टी
एपीआयची अक्षरं वर्णमालेच्या क्रमाने पुढे जातात. एसएल २००१ चं, एसएम २००४, एसएन २०१०, एसपी २०२०. पुढचं अक्षर मागच्याची जागा घेतं, म्हणून मॅन्युअल "एसएल किंवा वरचं" म्हणतं. फक्त बाइकसाठी हे अक्षर एकट्याने पुरत नाही, सोबत जासो हवंच. एसपी आहे म्हणून भारी, असं समजून उचललेला डबा कारचा निघाला असं होतं.

सिंथेटिकबद्दल आधी एक गंमत. "सिंथेटिक" ह्या शब्दाला सगळीकडे एकच कायदेशीर अर्थ नाही. पूर्वी प्रयोगशाळेत घडवलेल्या पीएओ किंवा एस्टरलाच सिंथेटिक म्हणत. मग कच्च्या तेलावरच प्रचंड प्रक्रिया करून मिळणाऱ्या ग्रुप ३ च्या तेलालाही लोक सिंथेटिक म्हणू लागले. मोबिलने कॅस्ट्रॉलविरुद्ध अमेरिकेतल्या जाहिरात उद्योगाच्या स्वनियमन मंडळाकडे तक्रार केली आणि १९९९ मध्ये निकाल कॅस्ट्रॉलच्या बाजूने लागला. तेव्हापासून डब्यावरच्या "फुल सिंथेटिक"मध्ये नक्की काय आहे, हे डबा सांगेलच असं नाही. "सेमी"मध्ये किती टक्के, हे तर कुणीच सांगत नाही.

तरी फरक आहे. चांगलं सिंथेटिक उष्णतेत कमी उडून जातं, कमी काळं पडतं. आणि बाइकसाठी महत्त्वाचं म्हणजे त्यात दाटपणा टिकवणारी पॉलिमर कमी लागतात. ही पॉलिमर लांबच लांब साखळ्या असतात, आणि आपल्या गियरबॉक्सचे दात त्या सतत कापत असतात. म्हणून १०डब्ल्यू-४० म्हणून भरलेलं स्वस्त तेल काही काळाने गरम असताना ३० सारखं वागायला लागतं. गियर पूर्वीसारखा बसत नाही, खडखडतो, हे जाणवतं ते बऱ्याच अंशी ह्यामुळे. दोन आकड्यांतलं अंतर जितकं जास्त तितकी पॉलिमर जास्त. त्या हिशोबाने १०डब्ल्यू-३० बिचारं बरंच टिकाऊ.

गळतीचं: सिंथेटिक स्वतः सील खात नाही. पण सील आधीच कडक होऊन चिरलं असेल आणि गाळाने भोक बुजलं असेल, तर तो गाळ धुतला गेल्यावर गळती दिसते. ती आधीपासून होतीच.

माझं साधं मत: रोजची दीडशे सीसी, वेळच्या वेळी ऑइल बदलणारा माणूस, तर योग्य ग्रेडचं, जासोवालं मिनरल (साधं, बिगर-सिंथेटिक) पुरतं. लांबच्या सफरी, मोठं इंजिन, कडक ऊन आणि तासन्‌तास ट्रॅफिक असेल तर सिंथेटिकला पैसे घाला.

जुनं_इंजिन
मिनरलला चांगलं म्हणणारा कोणी तरी भेटला. अनुमोदन.

बिनधास्त
ऑइल काळं झालं की बदलायचं, हे बरोबर ना?

काळे_हात
नाही. चांगल्या ऑइलचं कामच काजळी पोटात घेणं. थोड्या किलोमीटरमध्ये काळं होतं म्हणजे ते धुतंय. उलट महिनोन्‌महिने सोनेरी राहिलं तर मला शंका येते. रंगापेक्षा हे बघा: दुधाळ चहासारखं झालं तर पाणी शिरलंय. डिपस्टिकला पेट्रोलचा वास येत असेल, लेव्हल आपोआप वाढली असेल, तर कार्ब्युरेटरची सुई किंवा इंजेक्टर तपासा. काढलेल्या ऑइलमध्ये बोट फिरवून उजेडात धरा. बारीक चमक नव्या इंजिनाच्या, रन-इनच्या पहिल्या ऑइलला असतेच, पण सोलल्यासारखे कण हाताला लागले तर इंजिन उघडायची तयारी ठेवा.

किलोमीटर मॅन्युअलप्रमाणेच. फक्त ज्यांची गाडी रोज दोन-तीन किलोमीटरच चालते त्यांनी किलोमीटरची वाट बघू नका. इंजिन पूर्ण तापतच नाही, आत धरलेलं पाणी आणि पेट्रोल उडून जात नाही. अशा गाडीचं ऑइल महिन्यांवर बदलायचं.

अर्धा_लिटर
माझं नावच अर्धा_लिटर असल्याने लेव्हलबद्दल विचारतो. डिपस्टिक आटे फिरवून बघायची की नुसती टेकवून?

बिनधास्त
फिरवून.

जुनं_इंजिन
नुसती टेकवून. फिरवून बघितली तर जास्त दिसतं.

काळे_हात
बहुतेक गाड्यांना नुसती टेकवून, न फिरवता. काहींना पूर्ण बसवून. मॅन्युअलमध्ये चित्र असतं, दोन मिनिटं लागतात बघायला. दोन्हींत फरक पडतो तो त्या आट्यांच्या उंचीएवढा, म्हणजे मिनिमम आणि मॅक्सिममच्या रेघांमधलं अर्धं अंतर सहज जातं.

गाडी साइड स्टँडवर असताना बघू नका. मेन स्टँड लावा, नसेल तर कुणाला तरी सरळ धरायला सांगा. इंजिन तीन-चार मिनिटं चालवा, बंद करा, दोन-तीन मिनिटं थांबा म्हणजे वरचं तेल खाली येतं. मग डिपस्टिक पुसायची, टेकवायची, बघायची.

आणि डबा लिटरचा आहे म्हणून लिटर ओतायचं नाही! मॅन्युअलमध्ये दोन आकडे असतात, एक नुसतं ऑइल काढून भरताना, दुसरा इंजिन पूर्ण उघडून बांधताना. पहिला नेहमी कमी. ड्रेन केलं तरी थोडं जुनं आत राहतंच. माझ्याकडे येणाऱ्या निम्म्या गाड्यांत तेल मॅक्सिममच्या वर असतं, कारण "उरलेल्याचं काय करायचं" म्हणून सगळा डबा रिकामा केलेला. क्रँक तेलात फटके मारतो, फेस होतो, फेस पंपाला उचलता येत नाही. दाब वाढला की ब्रीदरच्या नळीतून तेल एअर फिल्टरच्या डब्यात. मग एअर फिल्टर ओलाचिंब, गाडी काळा धूर मारते, आणि गिऱ्हाईक म्हणतं रिंगा गेल्या.

अर्धा_लिटर
आयडी सार्थ ठरला म्हणायचा. आज घरी जाऊन बघतो.

नवशिका
ऑइलमध्ये टाकायच्या त्या छोट्या बाटल्या मिळतात, मायलेज वाढवणाऱ्या, त्या?

टॉर्कमीटर
ओल्या क्लचच्या गाडीत नको. टेफ्लॉन, मॉली जे काही असेल ते क्लचकडेही जातंच. तेल बनवणाऱ्याने रसायनांचा तोल साधून जासोची परीक्षा दिलेली असते. तुम्ही बाटली ओतली की ते परीक्षा दिलेलं तेल राहिलंच नाही.

दुचाकीस्वार
सगळ्यांचे मनापासून आभार. ते पान पूर्ण वाचलं. तक्ता आहे! १०डब्ल्यू-३० ची पट्टी जवळजवळ पूर्ण लांबीची आणि शेजारी १०डब्ल्यू-४० ची. २०डब्ल्यू-५० कुठेच नाही. त्यामुळे १०डब्ल्यू-३०, एमए, चौकटवाला डबा आणलाय, मिनरलच. उन्हाळ्यात वाटलं तर १०डब्ल्यू-४०. मेकॅनिकला डबा माझा आणि मजुरी तुझी असं सांगितलं, तो हसला पण तयार झाला.

भरताना मी समोर उभा राहणार आहे. काय काय बघू?

काळे_हात
आधी इंजिन कोमट करून घ्या, तेल पूर्ण उतरतं. ड्रेन बोल्टचा वायसर नवीन टाकायला सांगा. ॲल्युमिनियमचा किंवा तांब्याचा असतो, एकदा दबला की पुन्हा नीट बसत नाही. मग गळू नये म्हणून लोक बोल्ट जोर लावून आवळतात आणि इंजिन केसचे आटे जातात. केस मऊ असते, पान्याला लांब नळी लावून आवळायची जागा नाही ती.

बोल्टजवळ जाळी असेल तर काढून पेट्रोलने धुवायला लावा. कागदी फिल्टर बदलत असाल तर काहींवर एका बाजूला "आउटसाइड" छापलेलं असतं, ती बाजू झाकणाकडे. उलटा बसवला तरी झाकण लागतं, त्यामुळे कळत नाही, आणि तेल वर पोचत नाही. झाकणाची ओ-रिंग तपासा, तेलाचं बोट लावून बसवा. तेल भरल्यावर थ्रॉटल न देता मिनिट-दोन मिनिटं आयडलवर चालवा, मग बंद करून लेव्हल.

दुचाकीस्वार
आणि काढलेलं जुनं तेल? तो चेनला लावायला घेऊन जा म्हणतो.

काळे_हात
चेनला नको. त्यात काजळी आणि धातूची कीस असते, वर ते धूळ धरतं. गटारात पण ओतू नका. बंद डब्यात साठवून जुनं तेल घेणाऱ्याला द्या, ते शुद्ध करून परत वापरलं जातं. आणि तुमचा रिकामा डबा टाकायच्या आधी बुडाला भोक पाडा, झाकण वाकवा. चांगल्या डब्यात भलतंच तेल भरून पुन्हा विकणारे त्याचीच वाट बघत असतात.